पावसात कळसूबाई

प्रश्न : श्रावणात आम्ही चौघं कळसूबाईला जायचं म्हणतोय. सोबत बासष्ट वर्षांची आई. शिड्यांवर जमेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आईचे गुडघे कसे आहेत, ते आधी बघा. शिखर १६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच. बारी गावातून वाट सोपी वाटते, पण पावसात खडकावर शेवाळ धरतं. आपल्याकडची काळी माती चपलेला चिकटून पाय जड करते. तिथला दगड पायाखालून सटकतो, आणि तेही उतरताना. शिड्या लोखंडी आहेत. गेल्या श्रावणात मी कठडा धरला तर तळवा गारठून बधिर झालेला, वरच्या माणसाच्या बुटातला चिखल सरळ माझ्या कपाळावर! रविवारी शिडीखाली रांगेत भिजत उभं राहावं लागतं, म्हणून मधल्या वारी जा. छत्री घरीच ठेवा, वर वारा ती उलटी करतो; रेनकोट आणि खाचांच्या तळाचे बूट घ्या. वीज कडाडायला लागली तर शिडीला हात न लावता मागे फिरा. आणि धुक्यात वरून काही म्हणजे काही दिसत नाही, हे आईंना आधीच सांगा. त्यांना डिसेंबरात न्या. तेव्हा देवळाच्या ओट्यावर निवांत बसून भाकरी-ठेचा खाता येतो.