आजोबांची जीप, नातवाचा पिकअप आणि मोटार वाहन कायदा

प्रश्न : आम्ही नाशिकला म्हसरूळ भागात राहतो. माझ्या सासऱ्यांची 1972 सालची पेट्रोल जीप दिंडोरी रस्त्याकडच्या आमच्या मळ्यात बरीच वर्षे उभी आहे. सासरे चार वर्षांपूर्वी वारले. आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, अजून त्यांच्याच नावावर आहे आणि तिची मुदत केव्हाच संपली आहे. बारावीत शिकणारा माझा 17 वर्षांचा मुलगा त्या जीपचा पिकअप बनवतो आहे. मागची बॉडी त्याने नटबोल्ट सोडवून उतरवली आहे. आता चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कापून लांब करायची, मागे हौदा बसवायचा आणि बोलेरोचे डिझेल इंजिन घालायचे, असा त्याचा बेत आहे. ओळखीचे एक गॅरेजवाले सत्तर हजारांत 'पासिंगसकट', म्हणजे आरटीओच्या मंजुरीसह, गाडी तयार करून देतो म्हणतात. मुलाला ती स्वतः चालवत कॉलेजला न्यायची आहे. हे कायद्यात बसते का? मी त्याला थांबवू का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मुलाला थांबवू नका, गॅस कटरला थांबवा. चॅसीला अजून धक्का लागलेला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आज ही गाडी कायदेशीररीत्या रस्त्यावर परत येऊ शकते. चॅसी कापली गेली आणि इंजिन बदलले गेले, तर पुढे कितीही पैसे खर्चून तो रस्ता उघडणे फार कठीण होईल.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार कोणत्याही मालकाला आपल्या वाहनात असा बदल करता येत नाही, की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली आणि वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करण्याची मोकळीक नाकारली. आपण पाठवलेल्या आरसी पुस्तकाच्या छायाचित्रात इंधन पेट्रोल, बॉडीचा प्रकार जीप, आसनसंख्या आणि बिनभारी वजन अशा नोंदी आहेत. मुलाचा बेत पूर्ण झाला, तर यांपैकी एकही नोंद खरी राहणार नाही. इंजिन बदलता येते, परंतु त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे, आणि नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने. पेट्रोल जीपमध्ये बोलेरोचे डिझेल इंजिन या चौकटीत बसत नाही. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची जी सवलत आहे, ती वेगळी आहे. तिचा आधार घेऊन भंगारातले डिझेल इंजिन बसवता येणार नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आपला मुलगा मोबाइलवर अमेरिकेतील त्याच्याच वयाच्या मुलांना 1950 च्या दशकातील शेवरोले पिकअप नव्याने घडवताना पाहतो, असे आपण लिहिले आहे. त्याला हे समजावून सांगावे, की तिकडे वाहननोंदणी हा राज्यांचा विषय आहे आणि अनेक राज्यांत घरी बांधलेल्या किंवा बदललेल्या जुन्या गाड्यांसाठी नोंदणीचा वेगळा वर्ग ठेवलेला आहे. आपल्याकडे तसा वर्ग नाही. व्यक्तिशः मला वाटते, की कसोशीने तपासणी करून अशा गाड्यांना मर्यादित वापराची परवानगी देणारी तरतूद आपल्या कायद्यातही असायला हवी, कारण हाताने शिकणाऱ्या मुलांना आपण फारच थोडी वैध जागा देतो. तथापि आज ती तरतूद नाही, आणि आपल्याला आजच्या कायद्याप्रमाणेच चालावे लागेल.

आता या जीपच्या वयाचा विचार करू, कारण त्यातच मुलासाठी खरी संधी दडलेली आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुने झालेले, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले खासगी दुचाकी वा चारचाकी वाहन या वर्गात नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. 1972 ची जीप वयाच्या अटीत सहज बसते. मात्र ज्या दिवशी चॅसी कापली जाईल, त्या दिवशी ती 'मूळ स्वरूपातील' राहणार नाही आणि हा दरवाजा कायमचा बंद होईल. या नोंदणीची मर्यादाही सांगून ठेवतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते; रोज कॉलेजला नेता येत नाही.

रोजच्या वापरासाठी दुसरा मार्ग आहे, आणि आपल्या बाबतीत मी तोच आधी चाचपून पाहीन. खासगी वाहनाची पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर कलम 41 खाली तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर आलेली बंदी आपल्याकडील खासगी गाड्यांना लागू नाही. उशिरासाठी जादा शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागेल, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागेल, विमा आणि पीयूसी घ्यावे लागेल. एवढ्या जुन्या गाडीची नोंद बहुधा कागदी रजिस्टरमध्येच असते. म्हणून पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात प्रथम ती संगणकावर आहे का हे विचारावे, आणि नसल्यास 'बॅकलॉग एंट्री'साठी, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्यासाठी, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तपासणीला गाडी जीप म्हणूनच गेली पाहिजे. मागची बॉडी नटबोल्टवर उतरवली आहे, ती तशीच परत चढवता येईल. गंजलेला पत्रा बदलणे, स्प्रिंगचे पाटे खोलून साफ करणे, ब्रेक आणि वायरिंग नव्याने करणे, मूळ पेट्रोल इंजिनचे बोअरिंग करणे, ही सर्व कामे दुरुस्तीत मोडतात आणि त्यांना कायद्याची आडकाठी नाही. रंग बदलायचा झाल्यास आरसीतील नोंदही बदलून घ्यावी.

तरीही मुलाला हौदा आणि फाळका असलेला पिकअपच हवा असेल, तर मुळातच पिकअप म्हणून नोंदलेली, कागदपत्रे स्वच्छ असलेली एखादी जुनी गाडी घेऊन ती त्याने दुरुस्त करावी. अशी गाडी बहुधा मालवाहू, म्हणजे परिवहन वाहन म्हणून नोंदलेली असते आणि तिला योग्यता प्रमाणपत्र लागते, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. आजोबांची जीप केवळ मळ्याच्या कुंपणाआत ठेवायची, असे ठरवून तिची नोंदणी रीतसर रद्द करून घेण्याचा पर्यायही आहे. तो मी शेवटचा मानतो, कारण रद्द झालेली नोंदणी पुन्हा मिळवणे सोपे नसते.

गॅरेजवाल्यांच्या 'पासिंगसकट' या शब्दावर मी मुद्दाम थांबतो, कारण आपल्या पत्रातील सर्वांत धोक्याची ओळ तीच आहे. वर सांगितलेला बदल सरळ मार्गाने पास होऊच शकत नाही. मग ते काय करून देणार? अशा व्यवहारांत सहसा भंगारात गेलेल्या दुसऱ्या गाडीचे कागद आणले जातात आणि तिचा चॅसी क्रमांक आपल्या चॅसीवर ठोकला जातो, किंवा मूळ क्रमांक घासून टाकला जातो. तसे झाले, तर हे प्रकरण मोटार वाहन कायद्यापुरते राहत नाही. भारतीय न्याय संहितेतील बनावट दस्तऐवज, फसवणूक आणि चोरीचा माल बाळगणे या गुन्ह्यांपर्यंत जाते, आणि गाडी ज्यांच्या ताब्यात सापडते त्यांनाच आधी उत्तर द्यावे लागते. शिवाय बेकायदा कामासाठी दिलेली रक्कम न्यायालयातून परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून एक रुपयाही आगाऊ देऊ नका. त्यांच्याकडून दुरुस्तीचे काम करून घ्यायचे असेल, तर प्रत्येक कामाचे लेखी अंदाजपत्रक आणि पक्के बिल घ्यावे, आणि त्यात 'पासिंग' हा शब्द असू नये.

गाडी कोण चालवणार, हा भाग आपण पत्रात एका ओळीत उरकला आहे; माझ्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवण्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी मिळणारी मुभा 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती आहे. जीपसाठी शिकाऊ परवानाही अठराच्या आत मिळत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम 199-अ खाली पालक किंवा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत वाहन परवाना मिळत नाही. मुलाने गाडी पालकांच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. ते खोडून काढण्याची जबाबदारी पालकांवर असते. 'आम्हाला माहीत नव्हते' असे आपल्याला आता म्हणता येणार नाही, कारण मुलाचा बेत आपल्याला ठाऊक आहे. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या हातातील मोटारीने दोन तरुणांचा बळी घेतला, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती.

मळ्यातच चालवतो, मग काय हरकत, असे मुलगा म्हणेल. कुंपण आणि फाटक असलेल्या स्वतःच्या शेतात, जिथे लोकांना येण्या-जाण्याचा हक्क नाही, तिथे परवान्याचा प्रश्न येत नाही. पण फाटकाबाहेरचा शिवरस्ता किंवा पाणंद रस्ता हे सार्वजनिक ठिकाणच आहे, तो कितीही निर्जन असो. द्राक्षांच्या हंगामात आपल्या भागात पंधरा-सोळा वर्षांची मुले ट्रॅक्टर घेऊन सर्रास रस्त्यावर येतात आणि कुणी अडवत नाही, म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. ट्रॅक्टरही मोटार वाहनच आहे. अपघात झाला आणि विमा नसेल, तर नुकसानभरपाई कुटुंबाला खिशातून द्यावी लागेल. विमा असला तरी विनापरवाना चालकामुळे दिलेली रक्कम विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

या सर्वांच्या आधी मालकीचा प्रश्न सोडवावा लागेल. गाडी आजही दिवंगत सासऱ्यांच्या नावावर असल्याने नूतनीकरणाचा अर्ज करण्यास आज कुणीही पात्र नाही. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार आपल्या सासूबाई, आपले पती आणि आपल्या नणंदबाई यांचा गाडीत समान हिस्सा आहे. मृत्यूनंतर 30 दिवसांत कळवून तीन महिन्यांत हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. ती मुदत उलटली असली तरी हक्क बुडत नाही, उशिराचे शुल्क आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नमुना 31 मधील अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचा पुरावा, मूळ आरसी आणि इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे जोडून गाडी आपल्या पतींच्या नावावर करून घ्यावी. आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा जुना बोजा दिसत असल्यास तो आधी उतरवावा.

आपल्या मुलाचा हात चांगला आहे, हे त्याने बॉडी न कापता सोडवली यावरूनच मला दिसते. बारावीनंतर सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम, किंवा अभियांत्रिकीला गेल्यास बाहा एसएईइंडियासारखी स्पर्धा, जिथे विद्यार्थी स्वतः गाडी बांधून बंदिस्त मैदानावर चालवतात, या दोन्ही वाटांची माहिती त्याला जरूर द्यावी. तोवर त्याच्याकडे एक काम सोपवा : चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि उतरवलेल्या प्रत्येक भागाची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवायची आणि क्रमांकांच्या जागेवर पॉलिश पेपर किंवा वेल्डिंग अजिबात लागू द्यायचे नाही. नणंदबाई दिवाळीला माहेरी येणार आहेत, असे आपण लिहिले आहे. त्यांच्या आणि सासूबाईंच्या ना-हरकत प्रतिज्ञापत्रांवर नोटरीसमोर सह्या त्याच मुक्कामात करून घ्याव्यात, आणि हस्तांतराचा अर्ज दिवाळीची सुटी संपताच दाखल करावा.