स्नॉर्ट बसवले, पण सांभाळायचे कोणी?

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनात सुमारे दोनशे संगणक असून नेटवर्कची देखभाल आम्ही दोघेच करतो. बाहेरून होणारे हल्ले वेळीच कळावेत म्हणून स्नॉर्ट बसवायला घेतले. एका जुन्या मार्गदर्शिकेप्रमाणे एकेक लायब्ररी जोडण्यात पंधरा दिवस गेले आणि शेवटी इशारे दाखवणारे पान उघडलेच नाही. मुक्तस्रोत सुरक्षा सॉफ्टवेअर इतके किचकट का असते? आमच्यासारख्यांना झेपेल असा काही मार्ग आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : यात तुमची चूक फारशी नाही. मार्टिन रोश यांनी १९९८ मध्ये स्नॉर्ट लिहिले, तेव्हा नेटवर्कवरून जाणारी पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) तपासून त्यांची नोंद ठेवणे एवढेच त्याचे काम होते. त्या नोंदी साठवणे, त्या दाखवणे आणि हल्ल्याच्या खुणा सांगणारे नियम ताजे ठेवणे ही कामे पुढे वेगवेगळ्या मंडळींनी आपापल्या परीने केली. म्हणूनच जुन्या मार्गदर्शिकेत स्नॉर्टच्या जोडीला नोंदी डेटाबेसमध्ये भरणारे बार्नयार्ड, त्या पाहण्यासाठी पीएचपीत लिहिलेले बेस आणि नियम उतरवून घेणारे पुल्डपोर्क असा सगळा लवाजमा येतो. यांपैकी एकाची आवृत्ती बदलली की दुसऱ्याशी असलेला सांधा निखळतो. २०२१ मध्ये स्नॉर्ट ३ आले आणि त्याची मांडणी, म्हणजे सेटिंग, लुआ या प्रोग्रामिंग भाषेतल्या फाइलींत गेली. तुमच्या हाती असलेली मार्गदर्शिका बहुधा त्याच्या आधीची असावी.

हा सांधेजोडीचा त्रास कमी करण्याचा एक प्रयत्न म्हणजे डग बर्क्स यांनी २००८ मध्ये सुरू केलेला सिक्युरिटी अनियन. (नावात कांदा असला तरी बसवणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येऊ नये, हाच त्यामागचा हेतू.) यात सुरिकाटा (स्नॉर्टसारखेच हल्ले ओळखणारे सॉफ्टवेअर), झीक (नेटवर्कवरील वाहतुकीची सविस्तर नोंद ठेवणारे), नोंदींचा साठा आणि त्या पाहण्याचे पान हे सर्व एकत्र जुळवलेले मिळते; बसवताना काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात आणि पुढे सगळे भाग ‘सूप’ नावाच्या एकाच आज्ञेने अद्ययावत होतात. माझ्या मते त्याचे खरे मोल या शेवटच्या सोयीत आहे, कारण बसवण्याचे कष्ट एकदाच पडतात, अद्ययावत करण्याचे मात्र दर महिन्याला. त्याची भूक मात्र मोठी आहे. २४ जीबीपेक्षा कमी मेमरी असलेल्या यंत्रावर संपूर्ण मांडणी चालवण्याच्या भानगडीत पडू नका.

तेवढे यंत्र नसेल तर नुसते सुरिकाटा घ्या. ते उबुंटूसाठी तयार पॅकेजमध्ये मिळते आणि नियम उतरवून घेणारे सुरिकाटा-अपडेट हे साधन २०१८ पासून त्याच्यासोबतच येते. इमर्जिंग थ्रेट्सचा खुला नियमसंच विनामूल्य आहे. तो रोज रात्री आपोआप उतरेल अशी व्यवस्था करा. यंत्राला दोन नेटवर्क कार्डे हवीत : एक तुम्हाला त्यावर लॉगिन करण्यासाठी, दुसरे स्विचच्या मिरर पोर्टला (इतर पोर्टवरील वाहतुकीची प्रत जिथे मिळते त्या पोर्टला) जोडून केवळ ऐकण्यासाठी. या दुसऱ्या कार्डाला आयपी पत्ता देऊ नये. मांडणीच्या फाइलीत ‘होम नेट’ म्हणून खासगी पत्त्यांचे पट्टे आधीच लिहिलेले असतात. तुमच्या संकुलात सार्वजनिक पत्ते वापरात असतील तर ते तिथे नोंदवायला विसरू नका, नाहीतर ‘घरचे कोण आणि बाहेरचे कोण’ हेच यंत्राला कळणार नाही.

पहिला महिना खोट्या इशाऱ्यांचा असतो. त्रास देणारा नियम बंद करायचा असेल तेव्हा नियमांच्या मूळ फाइलीला हात लावू नका, कारण पुढच्याच रात्री ती नव्याने लिहिली जाईल आणि तुमचा बदल पुसला जाईल. त्या नियमाचा क्रमांक सुरिकाटा-अपडेटच्या ‘डिसेबल’ फाइलीत लिहा. तो तिथे टिकतो. इशाऱ्यांबरोबर डीएनएस, एचटीटीपी आणि टीएलएसच्या नोंदीही एकाच जेसन फाइलीत साचत जातात, त्यामुळे डिस्क भरण्याआधी जुन्या नोंदी हटवण्याची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा.

आठवड्यातून एकदा सुरिकाटाच्या सांख्यिकीतील ‘कर्नल ड्रॉप्स’ हा आकडा जरूर पाहा. तो वाढत असेल तर आलेली काही पॅकेट न तपासताच सुटत आहेत. अशा वेळी पानावर इशारे कमी दिसतात आणि आपण निर्धास्त होतो. माझ्या अनुभवात सर्वांत घातक बिघाड हाच.

प्रश्न : एका ओळीच्या आज्ञेत सर्व काही बसवून देणाऱ्या स्क्रिप्ट इंटरनेटवर मिळतात. त्या वापराव्यात का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : जी स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च, अधिकाराने चालणार, ती आधी उतरवून वाचावी, वाचून समजत नसेल तर चालवू नये. सुरिकाटा घडवणाऱ्या ओआयएसएफ या संस्थेचे उबुंटूसाठी स्वतःचे पॅकेज-भांडार आहे, आणि सिक्युरिटी अनियनच्या प्रतिमेसोबत (बसवण्यासाठी उतरवायच्या आयएसओ फाइलीसोबत) तपासण्यासाठी डिजिटल स्वाक्षरी दिलेली असते. ती तपासायला पाच मिनिटे पुरतात.