होकुसाईच्या लाटेचं हाताने रंगवलेलं ऑइल पेंटिंग हॉलसाठी घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की सोफ्यामागची भिंत रिकामी आहे, तिथे जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट (उसळलेली लाट, तिच्यात होड्या, मागे इवलासा फुजी पर्वत) चार फुटी कॅनव्हासवर ऑइलमध्ये करून मिळतेय आणि विक्रेता 'शंभर टक्के हँडपेंटेड' असं सांगतोय. माझं मत स्पष्ट आहे : ही लाट ऑइलमध्ये घेऊ नका. लाटच हवी असेल तर माध्यम बदला आणि हाताने रंगवलेलंच हवं असेल तर चित्र बदला. मी स्वतः वुडकट (लाकडी फळीवर कोरून छापलेली चित्रं) करते, त्यामुळे या बाबतीत जरा पोटतिडकीने लिहितेय.

'लाट' हे मुळात पेंटिंग नाहीच. कात्सुशिका होकुसाईने 1831 च्या सुमारास फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेसाठी ती रेखाटली. (मालिका इतकी चालली की पुढे आणखी दहा चित्रं आली, म्हणून एकूण 46.) त्याचं पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या लाकडी फळीवर पालथं चिकटवलं गेलं आणि कोरणाऱ्या कारागिराने त्यावरूनच रेषा कोरल्या. त्या कोरण्यात मूळ रेखाटन नष्ट झालं. मग रंगांसाठी वेगळ्या फळ्या झाल्या आणि छापणाऱ्याने एकेक ताव हाताने घासून छापला. पैसा प्रकाशकाचा, निशिमुराया योहाचीचा. म्हणजे तुमचा चित्रकार ज्याची प्रत करणार, ते 'मूळ पेंटिंग' जगात कुठेच नाही. जे आहेत ते छापलेले ताव, आणि त्या काळी छापलेला प्रत्येक ताव अस्सलच.

आता त्या तावाकडे जवळून बघा. आकार साधारण 25 बाय 37 सेंटीमीटर, ए-फोर कागदाच्या जेमतेम दीडपट. बाह्यरेषा काळ्या नाहीत, निळ्या आहेत. तेव्हा जपानात नव्याने मिळू लागलेला प्रशियन निळा कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो, वर थर म्हणून बसत नाही. आणि लाटेच्या नखांसारख्या टोकांवरचा फेस? तिथे पांढरा रंग लावलेलाच नाही, तो कोरा कागद आहे. फुजीच्या माथ्यावरचं बर्फही तसंच. त्यामुळे उडणारे तुषार फुजीवर पडणाऱ्या हिमासारखे दिसतात, कारण दोन्हीकडचं पांढरं एकच आहे.

ऑइलमध्ये नेमकं हेच हातचं जातं. फेसावर पांढऱ्या रंगाचे जाड फटकारे येतात, सपाट निळ्या पट्ट्यांना सावल्या दिल्या जातात, लाट फुगीर दिसू लागते. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रतींमध्ये होड्यांत वाकून बसलेले नावाडी म्हणजे नुसते ठिपके होते. चार फुटांवर ताणलं की फुजीचं इवलेपणही जातं, आणि सगळी गंमत त्या इवलेपणातच आहे.

जपानी छापचित्र ऑइलमध्ये करणं हे पापच आहे, असं मी म्हणत नाही. व्हॅन गॉगने 1887 मध्ये पॅरिसला हिरोशिगे या दुसऱ्या जपानी छापचित्रकाराचं पावसातल्या पुलाचं चित्र ऑइलमध्ये केलं. पण त्याने रंग भडक केले, भोवती जपानी अक्षरांची चौकट स्वतःच्या मनाने जोडली. ते व्हॅन गॉगचं चित्र झालं. तुम्हाला मिळतेय ती कारखानी नक्कल.

लाटच हवी असेल तर जुन्या पद्धतीने फळ्या नव्याने कोरून, हाताने छापलेली प्रत घ्या. टोकियोची अडाची ही संस्था असं काम करते. आणखी कुठे मिळाली तर ताव तिरक्या उजेडात धरा : रेषांचा दाब कागदात किंचित उमटलेला दिसतो. उलटा केला की रंग मागच्या बाजूला झिरपलेला असतो. डिजिटल प्रिंटमध्ये हे दिसत नाही, भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात.

छोटं चित्र मोठ्या भिंतीवर हरवेल, ही तुमची शंका रास्त आहे. रुंद माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) देऊन तीन फ्रेम ओळीने लावा. लाटेशेजारी हिरोशिगेच्या तोकाइदो या जुन्या हमरस्त्यावरच्या मालिकेतली दोन मुक्कामांची चित्रं, शोनोचा पाऊस आणि कानबाराची बर्फाळ रात्र, लावली, तर भिंत नुसती भरणार नाही, बोलेल. नंतरच्या काळातला छापचित्रकार योशिदा हिरोशीही जरूर बघा. तो 1930-31 च्या सुमारास भारतात फिरला आणि ताजमहाल, बनारसचे घाट त्याने वुडकटमध्ये केले.

आणि हाताने रंगवलेलंच हवं असेल, मोठंच हवं असेल, तर जुना जपानी चित्रकार हासेगावा तोहाकु याच्या 'पाइन वृक्ष'ची प्रत करून घ्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीचं हे काम म्हणजे कागदावर काळ्या शाईत रंगवलेले, सहा-सहा पानांचे दोन घडीचे पडदे, सध्या टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात. मूळच माणसापेक्षा थोडंच बुटकं आणि भरपूर लांब, त्यामुळे चार फुटांत आणताना ताणावं लागत नाही, उलट लहान करावं लागतं. धुक्यात उभी झाडं, आणि बरीचशी जागा चक्क मोकळी. कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये नको. कागदावर शाईने काम करणारा चित्रकार शोधा. शाईत दुरुस्ती नसते, फटकारा चुकला तर ताव बाद, म्हणून असा माणूस पैसे जास्त मागेल आणि ते द्यावेत. पुढची झाडं गडद आणि मागची जवळजवळ विरलेली असायला हवीत. सगळी सारखीच काळी झाली तर धुकं गेलं. 'खूप रिकामं दिसतंय' म्हणून त्याला तिथे पक्षी-बिक्षी काढायला सांगू नका.

फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट वापरायला सांगा आणि चित्र हार्डबोर्डवर चिकटवू देऊ नका. पावसाळ्यात ओल येणारी भिंत आणि थेट ऊन येणारी भिंत, दोन्ही टाळा. काच आणि कागद यांच्यात माउंटची फट हवी, नाहीतर दमटपणात बुरशी धरते.

एवढं सांगूनही सध्याच्या विक्रेत्याकडूनच घ्यायचं ठरवलंत, तर चित्र खरंच हाताने रंगवलेलं आहे का हे कळण्यासाठी त्याच्याकडे आधी केलेल्या एखाद्या कामाचा, बाजूने उजेड टाकून काढलेला जवळचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ केली तर ॲडव्हान्स देऊ नका.