नोकरी आणि घर सांभाळून घरच्या घरी फोटोग्राफी शिकता येते का? क्लास लावावा का, आणि कॅमेरा कोणता घ्यावा?

येते. घरातच चांगली येते, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही लिहिलंय की रात्रीचा अर्धा तास आणि रविवारची सकाळ एवढाच वेळ हाताशी असतो, आणि ओळखीच्या एका फोटोग्राफरने 'फील्डवर उतरल्याशिवाय काही येत नाही' असं सांगून तुमचा हिरमोड केलाय. हे वाक्य मी माझ्याच घरात इतकी वर्षं ऐकत आलेय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

माझे धाकटे दीर लग्नाचे फोटो काढतात. स्वतःचा स्टुडिओ आहे, सीझनमध्ये जेवायला फुरसत नसते. मी नाशिकजवळ सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक, मग मुलाचा अभ्यास. मार्चअखेरीला तर घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. मी सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतला तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, हौस म्हणून ठीक आहे. पण फोटोग्राफी स्वयंपाकघरात बसून शिकायची गोष्ट नाही. पोरं दोन-दोन सीझन माझी बॅग उचलतात, तेव्हा कुठे त्यांना लाइट कळतो." मनात काही ठेवून बोलले नव्हते, पण मला ते लागलं. दोन सीझन बॅग उचलायला मोकळा कोण असतो? ज्याच्या घरी पोळ्या दुसरं कुणीतरी लाटतं, तो. बाकीच्यांनी शिकायचंच नाही का?

शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, म्हणजे अनुक्रमे उजेड किती वेळ आत घ्यायचा, लेन्सचं भोक किती उघडायचं आणि कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यावर जास्त बोलत नाही. मी काय केलं ते सांगते. आमच्या हॉलला दक्षिणेची एक खिडकी आहे. त्या खिडकीशी स्टूल, स्टुलावर घरातली एखादी वस्तू, आणि कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं. वस्तू आठवडाभर बदलायची नाही. कांदा असेल तर कांदाच. सकाळी डबा भरून झाल्यावर दोन फोटो, रविवारी जरा निवांत. खिडकीला खेटून ठेवलेली वस्तू एक हात मागे सरकवली की उजेड झपाट्याने उतरतो. खोलीच्या मध्यावरून तेवढीच मागे नेली तर फारसा फरक पडत नाही. हे पुस्तकात एका ओळीत असतं. बोटाने शटरची चकती फिरवावी लागते तेव्हा ते अंगात मुरतं.

आणि ती एकच खिडकी वर्षभर एकसारखी राहत नाही. डिसेंबरात नाशकात सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं, लांब सावल्या पडतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा त्याच खिडकीतून नुसता आकाशाचा मऊ उजेड मिळतो. पावसाळ्यात आभाळ भरलं की अख्खं आकाश एक मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे स्टुडिओतली उजेड मऊ करणारी पेटी, होतं. इतकं सगळं घरबसल्या मिळत असताना शिकायला गंगापूर धरणावर कशाला जायला हवं?

रात्रीच्या अर्ध्या तासाचं म्हणाल, तर ट्यूबखाली काढलेल्या फोटोत काळपट आडवे पट्टे दिसले की घाबरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. एका कोपऱ्यात पिवळा बल्ब आणि दुसरीकडे पांढरी ट्यूब असेल तर एक बंद करा. दोन रंगांचे उजेड एका व्हाइट बॅलन्समध्ये (पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेऱ्यात ठरवायच्या सेटिंगमध्ये) बसत नाहीत.

आता ज्या गोष्टीमुळे मी एवढं ठामपणे बोलतेय ती. आमचा जुन्या नाशकातला वाडा उतरवायचं ठरलं. माळ्यावरून तांब्या-पितळेची भांडी खाली आली: बंब, घंगाळ, हंडे, कळशा, समया, ताम्हण, मोदकपात्र. आमच्याकडे भांडी तांबट लेनमधून येत असत, आणि प्रत्येकावर ठोके देऊन नाव घातलेलं असे. तीन घरांत वाटणी होणार होती. सासूबाई म्हणाल्या, वाटायच्या आधी एकेकाचा फोटो काढा, नाव वाचता आलं पाहिजे. हे काम साहजिकच भाऊजींकडे गेलं.

ते दोन स्टुडिओ फ्लॅश, उजेड पसरवायच्या छत्र्या, सगळा सरंजाम घेऊन आले. लग्नात जे बसतं ते त्यांनी लावलं. घंगाळाच्या फोटोत काड्यांसकट छत्री दिसत होती, मध्ये पांढरा फटक डाग, आणि बाकीचं पितळ काळवंडलेलं. मग त्यांनी लेन्सवर पोलरायझर फिल्टर चढवला. पोलरायझर काचेवरची, पाण्यावरची, पानांवरची चमक कापतो. उघड्या धातूवरच्या चमकेवर तो चालत नाही. डाग होता तसाच राहिला. भाऊजी म्हणाले, पितळ चकाकणारच, राहिलेलं एडिटिंगमध्ये काढू. सासूबाईंनी स्क्रीनवर बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे आपलं घंगाळ वाटत नाही रे." संध्याकाळी भाऊजींना रिसेप्शन होतं, ते निघाले.

मी रविवारी सकाळी माझा कॅमेरा घेऊन वाड्यात गेले. घासलेलं पितळ कसं वागतं हे मला घरी स्टीलच्या डब्यांवर आणि देवघरातल्या समईवर बघून पाठ झालं होतं. चकचकीत धातू समोर जे असेल ते दाखवतो. समोर छत्री असेल तर छत्री, तुम्ही असाल तर तुम्ही. म्हणून उजेड भांड्यावर टाकायचाच नाही, भांड्याला जे दिसतं त्याच्यावर टाकायचा. खिडकीवर पातळ पांढरी चादर ताणून बांधली. दुसऱ्या बाजूला धोतर वाळत घालायच्या दांडीवर आणखी एक पांढरं कापड टाकलं. आता घंगाळाला दोन्हीकडून पांढरं दिसत होतं, आणि त्याचा सोनेरी रंग एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग उतरला. फक्त कडा भिंतीत विरघळत होत्या. मुलाच्या प्रोजेक्टमधला काळा चार्ट पेपर कापून दोन पट्ट्या केल्या आणि फ्रेमच्या अगदी बाहेर दोन्ही बाजूंना उभ्या केल्या. कडेवर बारीक काळी रेघ आली, घंगाळाचा घाट उठून दिसला. मी स्वतः प्रतिबिंबात येऊ नये म्हणून लांब उभी राहून झूम पुढे नेला आणि टायमरवर फोटो काढला. ट्रायपॉड होता, आयएसओ १००, एफ ११, शटर पाव सेकंद. घंगाळ कुठे पळून जाणार नव्हतं.

एक गोष्ट कॅमेऱ्याबद्दल. त्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला तुमची वस्तू कळत नाही. तो जे दिसेल ते मधल्या करड्या छटेला आणायला बघतो. दोन्हीकडे पांढरं कापड असल्यावर त्याने सगळंच काळपट केलं असतं. म्हणून मीटरच्या सांगण्यापेक्षा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड दिला. पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या माणसाचा चेहरा काळा येतो तो यामुळेच, आणि ऑटोवर टाकून लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

नावांसाठी मात्र सगळं उलट करावं लागलं. मऊ उजेडात ठोक्यांनी कोरलेली अक्षरं पार सपाट होतात. चादरी काढल्या, दार लावून घेतलं, खिडकीची एकच फळी बोटभर उघडी ठेवली. कळशी अशी फिरवली की उन्हाची पट्टी तिच्या पोटावरून जवळजवळ घासत जाईल. खोली अंधारी, त्यामुळे कळशीला समोर अंधारच दिसत होता आणि तिचा पत्रा काळा झाला. फक्त ठोक्यांच्या खळग्यांनी ऊन पकडलं. एकेक टिंब पेटल्यासारखं वर आलं आणि त्यातून नाव, गाव आणि 'शके १८५२' वाचता आलं. शके १८५२ म्हणजे १९३०-३१. नाव आजेसासूबाईंचं होतं, पण माहेरचं. ही कळशी सासरची समजून थोरल्या घराच्या वाट्याला टाकली होती. ती आजेसासूबाईंच्या रुखवतात आली होती हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. सासूबाईंनी फोटो मोठा करून ते नाव मोठ्यांदा वाचलं. माझ्या फोटोंना मिळालेली याहून मोठी दाद मला आठवत नाही.

भाऊजींनी फोटो पाहिले आणि म्हणाले, "चादरीमुळे आलं." बरोबर आहे, चादरीमुळेच आलं. चादर कुठे बांधायची आणि कधी काढायची, हे त्यांच्या मंगल कार्यालयात शिकायला मिळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. तिथे उजेड आधीच ठरलेला असतो, हॉलवाल्याने लावलेला. फोटोग्राफरच्या हाती उरते ती वेळ. अंतरपाट कधी सरतो, आई कधी डोळे पुसते, हे भाऊजी कधीच चुकवत नाहीत, ते मला जमायचं नाही. पण त्या कौशल्याला 'लाइट कळणं' म्हणू नये.

फील्ड, फील्ड म्हणणाऱ्यांना मी आपल्या मातीतलं उदाहरण देते. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आल्यावर सुरुवातीलाच त्यांनी काय चित्रित केलं? कुंडीतलं वाटाण्याचं रोप. कॅमेरा एका जागी ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि बी रुजून वेल होईपर्यंतची वाढ पडद्यावर दाखवली. भांडवल देणाऱ्यांना पटवायला त्यांना ती कुंडी पुरली. आणि फिल्मला भोकं पाडण्यापासून अंधाऱ्या खोलीतल्या कामापर्यंत हात होता सरस्वतीबाईंचा, तोही घर आणि मुलं सांभाळून. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे जाल तेव्हा ही कुंडी आठवा.

आता काही गोष्टी मान्य करायला हव्यात. तुम्हाला लग्नं, क्रिकेट किंवा नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी काढायचे असतील तर घर पुरणार नाही. हलत्या गोष्टीवर फोकस धरायला हलती गोष्टच लागते. तिथे भाऊजींच्या पोरांसारखी बॅग उचलावी लागेल, आणि त्यात कमीपणा नाही. माणसांचे चेहरेही कांद्यावर शिकता येत नाहीत. घरातलं कुणीतरी खिडकीशी बसायला तयार हवं. माझा मुलगा पाच मिनिटांच्या वर बसत नाही, सासूबाई गहू निवडत तासभर बसतात.

क्लासचं म्हणाल, तर तुमचे फोटो समोर ठेवून कुणी तोंडावर चांगलं-वाईट सांगणार असेल तरच लावा. नुसतं अ‍ॅपर्चर म्हणजे काय हे फळ्यावर लिहून देणाऱ्याला पैसे देऊ नका.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत थोडक्यात: मोबाइल आहे तर प्रो मोडवर, म्हणजे शटर आणि आयएसओ हाताने ठरवून, सहा महिने काढा. बहुतेक मोबाइलचं अ‍ॅपर्चर बदलत नाही, तेवढी एक गोष्ट त्यावर शिकता येणार नाही. मग जुना डीएसएलआर आणि ५० एमएम एफ १.८ची लेन्स घ्या. नवीन मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या धाटणीचा कॅमेरा) घ्यायला ओळखीचा फोटोग्राफर सांगेल, त्याला त्याच्या कामासाठी तो लागतो. तुम्हाला खिडकीशी ठेवलेल्या कांद्यासाठी लागत नाही. जुनी लेन्स घेताना मागच्या बाजूने टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. घेतलेली लेन्स पावसाळ्यात कपाटात, कपड्यांत गुंडाळून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि दर रविवारी बाहेर काढून वापरा.