माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात रिसर्च होतो का, की नुसते उपचार?

होतो ना, आणि चांगला दणदणीत होतो. अमेरिकेतलंच घ्या, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या व्हेटरन्स हॉस्पिटलात रोझलिन यॅलो आणि डॉ. सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं अगदी किंचित इन्सुलिनही मोजता येईल अशी टेस्ट शोधली, रेडिओइम्युनोअ‍ॅसे, त्यावर यॅलोंना १९७७ चं नोबेल मिळालं (बर्सन तोवर वारले होते म्हणून त्यांचं राहिलं, फार वाईट वाटतं).

आणि नर्सेसना कमी लेखू नका. पेशंटच्या मनगटावरचा पट्टा आणि औषधाचं पाकीट दोन्ही स्कॅन करून मगच गोळी द्यायची, ही आयडिया कॅन्ससमधल्या टोपेकाच्या व्हेटरन्स हॉस्पिटलातल्या नर्स सू किनिक यांची, भाड्याची गाडी परत करताना तिथलं बारकोड स्कॅनिंग बघून त्यांना सुचली.