मधली बस हवी की थेट जोडणी?

प्रश्न : चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या आयटी विभागात आहे. ईआरपी (कारखान्याचे सगळे व्यवहार सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर), स्टोअर, क्वालिटी, डिस्पॅच, अकाउंट्स आणि सप्लायर पोर्टल या सहा सिस्टिम जोडायच्या आहेत. साहेबांना मध्ये ईएसबी (एंटरप्राइज सर्व्हिस बस, म्हणजे सगळ्या सिस्टिममधले निरोप नेणारं मधलं सॉफ्टवेअर) हवी. टीममधली मुलं म्हणतात, थेट रेस्ट एपीआय लावू, म्हणजे एका सिस्टिमने दुसरीला सरळ विचारायचं. व्हेंडर काफ्काचा (घटना साठवून ठेवून अनेक सिस्टिमना वाचू देणारं सॉफ्टवेअर) आग्रह धरतोय. काय करावं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तंत्राचं नाव ठरवण्याआधी डिस्पॅचच्या गेटवर जाऊन उभे राहा. गाडी भरलेली असते, पण आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नोंदणी क्रमांक) आल्याशिवाय ई-इनव्हॉइस निघत नाही आणि बिलाशिवाय गाडी सुटत नाही. इथे उत्तर तिथल्या तिथे हवं, म्हणून डिस्पॅचने ईआरपीला थेट कॉल करावा. गाडी सुटल्याची खबर अकाउंट्सला पाच मिनिटं उशिरा मिळाली तरी चालतं. ती क्यूवर, म्हणजे निरोपांच्या रांगेत टाका. अकाउंट्सचा सर्व्हर बंद पडला म्हणून गेट अडता कामा नये.

साहेबांची धास्ती खोटी नाही. सहाही सिस्टिम एकमेकींना जोडल्या तर १५ जोडण्या होतात. पण ईएसबी बदनाम झाली ती तिच्यात धंद्याचे नियम कोंबल्यामुळे. सवलतीचा नियम बसमध्ये गेला की साधं एक फील्ड वाढवायलाही बसवाल्या टीमची वाट बघत बसावं लागतं. जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी २०१४ मध्ये मायक्रोसर्व्हिसेसबद्दल (सॉफ्टवेअर छोट्या स्वतंत्र सेवांत विभागण्याबद्दल) लिहिताना अक्कल टोकांच्या सिस्टिमना आणि मधली वाहिनी साधी, असंच मांडलं. बस घ्या, पण तिला फक्त निरोप पोचवू द्या.

काफ्का उत्तम आहे. एकच घटना अनेकांना वाचायची असेल, मागची पुन्हा वाचायची असेल, तर जरूर घ्या. पण रात्रपाळीत त्याचा क्लस्टर (सर्व्हरचा गट) कोण सांभाळणार? तुमच्या सहा सिस्टिमना रॅबिटएमक्यू (निरोपांची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर) पुरेल असं माझं मत.

आता ज्यावर तुमच्याकडे कोणीच वाद घालत नाही असं दिसतं, ते. निरोप कधीतरी दोनदा येणारच. ५०० ब्रॅकेटची जीआरएन (माल आल्याची नोंद) दोनदा नोंदली गेली, तर स्टॉक १००० दिसतो, नवी ऑर्डर जात नाही आणि लाइन उभी राहते. म्हणून प्रत्येक निरोपाला स्वतःचा नंबर द्या. घेणाऱ्याने तो आधी तपासावा, दुसऱ्यांदा आलेला सोडून द्यावा. हे काम पूर्णपणे कोणत्याही उत्पादनावर सोडून देता येत नाही.

पुढच्या मीटिंगला व्हेंडरकडून स्लाइड घेऊ नका. अकाउंट्सचा टेस्ट सर्व्हर दोन तास बंद ठेवायला लावा, एकच जीआरएन दोनदा पाठवायला लावा, आणि सर्व्हर सुरू झाल्यावर स्टोअरच्या माणसाला शेजारी बसवून स्टॉक मोजा.