वाचकांचे प्रश्न : ‘व्हॅन’ आणि ‘व्हील’

प्रश्न : माझे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ सारखेच ऐकू येतात, असं इंग्रजीच्या वर्गात सांगतात. मराठीत तर ‘व्हॅन’ आणि ‘व्हील’ दोन्ही ‘व्ह’नेच लिहितो. मग फरक कुठे करायचा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ‘व्हॅन’मध्ये आपला ‘व्ह’ व्हीसाठी असतो, ‘व्हील’, ‘व्हाइट’मध्ये डब्ल्यू-एच या जोडीसाठी. आवाज वेगळे, अक्षर एक. शिवाय इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात या दोन्हींत ‘ह’ नाहीच; तो आपल्या लिहिण्यातून जिभेवर आलाय. मराठी ‘व’ या दोन आवाजांच्या अधेमधे पडतो : खालचा ओठ दातांजवळ जातो, पण घासत नाही आणि नीट गोलही होत नाही. म्हणून ऐकणाऱ्याची पंचाईत होते.

व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवा. ‘फॅन’मधला ‘फ’ लांबवा. ओठ मिटून म्हटलेला ‘फळ’मधला ‘फ’ नको. आता दात-ओठ न हलवता गळ्यातून आवाज सोडा. ओठाला झिणझिण्या आल्या पाहिजेत. तिथूनच ‘ॲन’ जोडा. मध्ये हवेचा झोत सुटला, की ‘ह’ शिरला समजा.

डब्ल्यूमध्ये दातांचं काम नाही. शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ गोल करून ‘ऊ’ म्हणा आणि ‘ईल’कडे घसरा : ऊ-ईल. वेग वाढवला की ‘ऊ’ आपोआप आखूड होतो. आरशात दात ओठाला टेकलेले दिसले तर पुन्हा सुरुवात करा.

सरावाला ‘वेस्ट’ (पश्चिम) आणि ‘व्हेस्ट’ (बनियन) ही जोडी घ्या, मग ‘व्हेरी वेल’ सलग म्हणा. डब्ल्यू नुकता जमलेले लोक इथे हमखास ‘वेरी’ म्हणतात!

राहिला तो ‘एच’. जुन्या इंग्रजीत तो आधी लिहीत आणि ‘ह्व’ असं म्हणत. १०६६च्या नॉर्मन विजयानंतरच्या लेखनिकांनी क्रम उलटवला. स्कॉटलंडमध्ये ‘ह्व’ अजून ऐकू येतो, पण तिथेही ‘ह’ आधीच. ‘हू’ (कोण) आणि ‘होल’ (संपूर्ण) मध्ये मात्र डब्ल्यूच गप्प.

प्रश्न : ‘वॉक’चा भूतकाळ ‘वॉक्ड’ म्हणायचा की ‘वॉक्ट’? (एक शिक्षिका, अकोला)

उत्तर : ‘वॉक्ट’. स्पेलिंग विसरा, ईडीच्या आधीचा आवाज ऐका. तो म्हणताना गळ्यावर ठेवलेल्या बोटाला कंप लागत नसेल (प, क, फ, स, श, च), तर ‘ट’ : ‘लाफ्ट’, ‘वॉश्ट’. कंप लागत असेल, तर ‘ड’ : ‘कॉल्ड’, ‘प्लेड’. मूळ क्रियापद ‘ट’ किंवा ‘ड’वर संपत असेल तरच जास्तीचा ‘इड’ : ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. ‘वॉकेड’, ‘लाफेड’ असं म्हणू नये. ‘नेकिड’, ‘विकिड’ ही विशेषणं मात्र या नियमाबाहेरची. ती तशीच पाठ करावीत.